रांगेतल्या पोरांचं काय?

संध्याकाळी मल्लखांबाच्या वर्गाला येणारं पोर दिवसभर शाळेच्या बाकावर बसून आलेलं असतं. आल्या आल्या त्याला ‘गप्प उभा राहा’ म्हणणं म्हणजे उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरणं. जाणते शिक्षक आधी त्याला पळवतात, सूर्यनमस्कार घालायला लावतात. सूचना त्यानंतर.

मल्लखांबावर निम्मी शिस्त लाकूडच लावतं. पुरलेला खांब जमिनीपासून साधारण साडेआठ फूट उंच, वर निमुळती मान आणि बोंड, अंगाला एरंडेल. नखं वाढलेली असतील तर बोचतात, हातातलं कडं अडतं, लक्ष उडालं की पकड सुटते. ‘वरचा उतरल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही’ हा नियम सात वर्षांच्या मुलालाही पटवावा लागत नाही. वरून अंगावर कोण येईल ते त्याला दिसत असतं. कारण दिसलं की मुलं नियम पाळतात. गणवेशाच्या रंगावरून दरडावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

खरी पंचाईत रांगेत होते. एका खांबामागे पंधरा मुलं, प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे एकेकाला चौदा मिनिटं नुसतं ताटकळणं. मग ढकलाढकली, चिमटे, आणि सरांचा चढलेला आवाज. यात पोरांचा दोष कमी, आखणीचा जास्त. काही मुलं खांबावर, काही दोरीवर, काही जमिनीवर दंड-बैठका काढताहेत आणि मोठ्या मुलांकडे लहानांचा एकेक गट दिलाय, अशी विभागणी केली की निम्मं ओरडणं आपोआप वाचतं.

दादरच्या शिवाजी पार्कवर 1925 पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथले उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. ज्याला वटारलेले डोळे दिसतच नाहीत, त्याला धाक कसला घालणार? तिथे हाताचा स्पर्श, नेमका शब्द आणि ‘खाली मी आहे’ ही खात्री, एवढंच कामाला येतं. डोळस मुलांना वेगळं काही लागतं, असं मला वाटत नाही.

उशिरा आलं की पन्नास उठाबशा, ही आपली लाडकी शिक्षा मात्र अजब आहे. व्यायामाची गोडी लागावी म्हणून पाठवलेल्या मुलाला व्यायामाचीच शिक्षा! मारहाणीचं तर नावच नको. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेपुरतं आहे, हे खरं. पण बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 75 मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला लागू होतं. मुलाला मारहाण केली किंवा विनाकारण शारीरिक-मानसिक त्रास होईल असं वागवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं.

तेव्हा मुलाचं नाव घालण्याआधी एक संध्याकाळ वर्गात जाऊन बसा. खांबावरच्या पटाईत मुलाकडे बघू नका; ज्यांची पाळी अजून आलेली नाही ती मुलं काय करताहेत, ते बघा आणि मगच फी भरा.