झोडणीनंतर उन्हेऱ्याला

भाताची झोडणी उरकली, की आमच्या मुळशीत घरोघरी कमरा आणि खांदे धरलेले असतात. पौषात आम्ही जावा-जावा सासूबाईंना घेऊन ताम्हिणी घाट उतरतो आणि विळ्यावरून पालीला जातो. बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, की जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडात बसायचं. मुळशीच्या धरणाकाठच्या रिसॉर्टांत आता सौना आलेत. राबणाऱ्या माणसाला परवडेल असं ऊन पाणी मात्र घाटाखालीच आहे.

पाण्याला गंधकाचा वास येतो. सासूबाई एकेक पायरी थांबत उतरतात. कमरेपर्यंत पाणी आलं, की त्यांचा चेहराच सैल होतो.

हे पाणी तापतं कसं? सह्याद्री लाव्हारसातून घडला, त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. ती धग केव्हाच निवली. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळचं सव, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात असे झरे आहेत.

कुंडात बसणं आणि सौना घेणं यांत मात्र फरक आहे. फिनलंडमधल्या सौनाच्या खोलीतली हवा ८० ते १०० अंश तापलेली असते. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग थोडं निवतं, म्हणून ती सोसते. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलं, की घाम उडायला वावच नसतो. शरीर आतून लवकर तापतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. उठायचं तेही कुणाचा तरी हात धरून, नाहीतर घेरी येते.

बाहेर आल्यावर मी गार पाणी घेते. त्यासाठी रात्रभर अंगणात ठेवलेला पाण्याचा कॅन आम्ही गाडीत टाकतो, कारण मुळशीच्या पहाटेसारखं गार पाणी खाली कोकणात मिळत नाही. पहिला तांब्या पायांवर, मग हातांवर, शेवटी खांद्यांवर. अंगातली सुस्ती जाते, झणझणीत तरतरी येते. पण गार पाण्याच्या पहिल्या धक्क्याला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि रक्तदाब एकदम चढतो. डोहात उडी मारली आणि तो श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर माणूस बुडू शकतो. तरण्या पोरांना मी हे दरवेळी बजावते.

फिनलंडमध्ये २,३१५ पुरुषांवर सुमारे वीस वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. त्यावरून आजार बरे होतात असं कुणी समजू नये. वर्षातून एकदा कुंडात बसून तर नाहीच. पण आखडलेलं अंग मोकळं होतं आणि रात्री गाढ झोप लागते, हे आमच्या घरातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

हृदयाचा त्रास, चढता रक्तदाब किंवा पोटात बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उघडी जखम असेल तर उतरू नका. आणि हात जोडून सांगते, कुंडात साबण-शाम्पू लावू नका. तेच पाणी तुमच्यामागून येणाऱ्या म्हातारीच्या अंगाला लागणार आहे.