उपग्रहाविना ड्रोनसमूहाचा स्थाननिर्णय

विसरवाडीनजीकच्या कोंडाईबारी घाटात ड्रोनसमूहास उपग्रहांचे संकेत मिळेनासे झाले, असे समजू. प्रत्येक ड्रोन आपली गती व वळणे मोजून स्थान काढतो. पण त्यातील चूक साचत जाते. रेडिओलहरींनी परस्परांतील अंतरे मोजल्यास समूहाची आकृती ठरते, स्थान नव्हे. सारा समूह पूर्वेस सरकला तरी अंतरे तीच राहतात. ‘माझ्या डावीकडे’ एवढ्याने गाव सापडत नाही, तसाच हा प्रकार होय. त्यात एकाने आपलेच अनुमान दुसऱ्याकडून परत घेऊन ते स्वतंत्र प्रमाण मानले, तर चूक तशीच राहून खात्री मात्र वाढते. खरा धोका हाच. म्हणून प्रसंगी जवळची वाट सोडून, निदान एका ड्रोनास महामार्गावरील पुलासारखी नकाशातील खूण दिसत राहील व तिच्या आधारे इतरांनाही सावरता येईल, असा मार्ग आखावा लागतो.