गर्दीतही न अडणारं नेटवर्क : फर्स्टनेट

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्क पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होतं की वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तरेकडचा टॉवर आता टिकत नाही. तसा इशारा पोलिसांच्या रेडिओवर गेलाही. पण अग्निशमन दलाचे रेडिओ वेगळे, आत असलेल्या जवानांपर्यंत तो पोचलाच नाही. त्या दिवशी या दलाचे ३४३ जण गेले.

या जखमेतून 'फर्स्टनेट' हे आपत्कालीन सेवांचं नेटवर्क उभं राहिलं. २०१२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांसाठी ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले २० मेगाहर्ट्झ राखून ठेवले. याला 'बँड १४' म्हणतात. २०१७ मध्ये हे नेटवर्क उभारून चालवण्याचं २५ वर्षांचं कंत्राट एटी अँड टी या दूरसंचार कंपनीला मिळालं.

खरी गंमत आतल्या रचनेत आहे. मोठी दुर्घटना झाली की सगळेच एकदम फोन करतात आणि मोबाईल टॉवर तुंबतो. इथे जवानाला नुसतं प्राधान्य नाही. जागाच उरली नसेल तर सामान्य ग्राहकाचं कनेक्शन बाजूला सारून त्याला वाट दिली जाते. अॅम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा करतात, अगदी तसंच. शिवाय बँड १४ वर खास उपकरणांना सव्वा वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. साधा फोन ०.२ वॅटवर थांबतो. रेंजच्या काठावर, जंगलात किंवा तळघरात हा फरक जाणवतो.

उणीवही सांगायला हवी. डिसेंबर २०२०मध्ये नॅशव्हिलला एटी अँड टीच्या इमारतीबाहेर स्फोट झाला, तेव्हा फर्स्टनेटची सेवाही कोलमडली. राखीव लहरी असल्या तरी यंत्रणा त्याच इमारतीत होती. माझ्या मते पर्यायी मार्गांवरचा खर्च इथे टाळण्यासारखा नाहीच.