समुद्रात उतरताना पायांत काय घालाल?

सुट्टी जवळ आली की मुलांचा हट्ट सुरू होतो, "अब्बा, मालवणला स्कूबा करायचं!" मग फिन्सची, म्हणजे पायांत घालायच्या रबरी परांची चौकशी होते. चौघांसाठी चार जोड्या घ्यायच्या का?

थोडे थांबा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जो स्कूबा घडवतात, त्यात पोहता न येणाराही उतरतो. प्रशिक्षक त्याला धरूनच फिरवतो. तेवढ्यासाठी स्वतःचे फिन्स घेणे म्हणजे इस्राफ. फिन्स लागतात ते स्वतः पोहत स्नॉर्केलिंग करणाऱ्याला किंवा तारकर्लीत पर्यटन महामंडळाच्या संस्थेत डायव्हिंगचा कोर्स करणाऱ्याला. त्यांनीही सुरुवातीला भाड्याचे वापरून पाहावेत.

फिन्सचे मुख्य प्रकार दोन. एकात बुटासारखा पूर्ण पाऊल बसतो. आपल्याकडचे पाणी उबदार आणि उतरायचे होडीतून, म्हणून हा पुरतो. दुसऱ्याची टाच उघडी असते, मागे पट्टा असतो आणि आत रबरी बूट घालावा लागतो. खडकाळ किनाऱ्यावरून चालत उतरणाऱ्यांना तो सोयीचा.

खरी गोष्ट मापाची. फिन ओला करून घाला. टाच सुटता कामा नये आणि बोटे हलली पाहिजेत. घट्ट फिनने पायात गोळे येतात, सैल फिन प्रवाहात निसटतो. "पुढच्या वर्षी पाय वाढेल" म्हणून मुलाला एक नंबर मोठा घेऊ नका. ही काटकसर चपलेत चालते, समुद्रात नाही. पाते मऊ आणि मध्यम लांबीचे असावे. कडक, लांब पात्याने नवख्याचे पाय लवकर थकतात.

फिन्स होडीच्या काठावर बसून घाला. चालावेच लागले तर उलट्या पावलांनी चाला. पाय गुडघ्यातून नव्हे, कमरेतून हलवा. गोळा आलाच तर पाय सरळ करून पात्याचे टोक स्वतःकडे ओढा.

आणखी एक. मालवणचा हा समुद्र १९८७पासून अभयारण्य आहे. इथले प्रवाळ दगडासारखे दिसले तरी सजीव आहेत, आणि त्यातल्या अनेकांची वाढ वर्षाला सेंटिमीटरभरही होत नाही. फिनच्या एका बेफिकीर फटक्याने कित्येक वर्षांची वाढ मोडते. म्हणून प्रवाळावर उभे राहू नका, तळाची वाळू उडवू नका.

मुलांना बिस्मिल्लाह म्हणून पाण्यात उतरायला आपण शिकवतोच. पाण्याखाली जे दिसेल ती अल्लाहची अमानत आहे, हेही त्याच वेळी सांगू या.