नवा शब्द तोंडी कसा बसतो

वाचताना कळणारे शब्द पुष्कळ असतात. बोलताना आपसूक सुचणारे त्यामानाने थोडे. कोशात अर्थ पाहिला की शब्द कळू लागतो, पण सुचायला तो वापरावाच लागतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते, पुढे तो वेग मंदावतो. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये काळ सोडून केलेली उजळणी जास्त टिकते. म्हणून नवा शब्द त्याच दिवशी, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने वापरावा.

तोही एकटा नव्हे, सोबत्यांसह. ‘तिरीप’ घ्या: फटीतून तिरके येणारे ऊन. नुसता अर्थ टिपला तर शब्द वहीतच राहतो. ‘उन्हाची तिरीप’ ही जोडी, ‘ती तिरीप’ हे लिंग आणि ‘येते’, ‘पडते’ ही क्रियापदे एकत्र लक्षात ठेवली, की वाक्य तयार असते: ‘पडदा ओढ गं, डोळ्यांवर तिरीप येतेय.’ मराठीत लिंग चुकले की विशेषण आणि क्रियापदही बिघडते, म्हणून ही सवय मला अर्थाइतकीच मोलाची वाटते.

शोभेसाठी मात्र शब्द पेरू नये; ऐकणारा अडखळतो.

मोल्सवर्थ यांचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात. त्यांतला एखादा शब्द निवडा आणि आजच घरात कुणाशी तरी बोलताना वापरून पाहा.