नवा अल्टरनेटर, जुनी वायर

जुन्या जीपला १०० वॅटचे दोन दिवे लावले, की त्यांनाच सुमारे १७ अँपिअर लागतात. मग हौशी मालक ४० अँपिअरचा अल्टरनेटर काढून ९० चा बसवतो. चार दिवसांनी सकाळी चावी फिरवावी, तर स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो. बॅटरी उतरलेली! शिव्या नव्या अल्टरनेटरला.

बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. बॅटरीपर्यंत जाणारी वायर मात्र जुन्याच हिशेबाची असते. वाढीव करंट तिला झेपत नाही, ती तापते आणि वाटेतच व्होल्ट खाते.

हे पकडायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, दिवे लागलेले; एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टला, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला, तर वायर किंवा तिचे जोड खराब. मग अल्टरनेटरच्या अंगापासून निगेटिव्हपर्यंत तेच करायचं. रंगवलेल्या ब्रॅकेटवर अर्थिंग नीट मिळत नाही, हे कसलेले मेकॅनिकही विसरतात.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागलाच नाही, तर खूश होऊ नये. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब गेला, की रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. कधी तेवढ्यानेही नाही.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघण्याचा डायनॅमोच्या जमान्यातला प्रयोग तर टाळावाच. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जळू शकतात.