आकाशवाणीची धून आणि वॉल्टर काउफमन

नाशिकच्या वाड्यांतून एके काळी भल्या पहाटे रेडिओवर जी धून ऐकू येई, तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः ज्यांना दिले जाते ते वॉल्टर काउफमन (१९०७–१९८४) हे पियानोवादक, रचनाकार आणि शिक्षक होते. आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्ल्सबाद येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या काउफमन यांनी बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनेचे शिक्षण घेतले आणि हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकताना त्यांना त्यातले काहीच उमगले नाही. परंतु लाखो लोकांना जे प्रिय आहे ते निरर्थक असणे शक्य नाही, तेव्हा उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या साऱ्या चरित्रात याहून मोलाची गोष्ट नाही.

मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी लहान दालनात सादर करायचे संगीत. सोसायटीच्या मैफलींत काउफमन पियानोवर, वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजियो व्हेर्गा चेलोवर असत. १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी काउफमन यांच्याकडे होती.

पियानोत हातोडी तारेवर आपटून स्वर उमटतो. तो जागचा हलत नाही, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड त्यावर घेता येत नाही, आणि रागाचा प्राण तर पुष्कळदा मींडेतच असतो. शिवरंजनी रागाच्या स्वरांवर बेतलेल्या आकाशवाणीच्या त्या धुनेत पियानो नाही. तंबोऱ्याच्या षड्जावर व्हायोलिन गाते. आयुष्यभर पियानोवर बसलेल्या माणसाने केलेली ही निवड त्याचा कान किती बदलला होता हे दाखवते.

१९४६ मध्ये भारत सोडल्यावर कॅनडातील हॅलिफॅक्स येथील संगीतविद्यालयात त्यांनी पियानो विभागाचे प्रमुखपद सांभाळले, पुढे विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन केले आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. ज्या नाशिकमध्ये गायक पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी रामनाम आधाराश्रम स्थापला, तेथील वाचकांना संगीत कागदावर उतरवण्याची तळमळ नवी नाही; पलुस्करांनी त्यासाठी स्वतंत्र स्वरलेखनपद्धती घडवली होती. काउफमन यांनी तेच काम पाश्चात्त्य वाचकांसाठी केले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आणि दक्षिणेकडील रागांवरील १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.